पांदणीतली जीप

गोपिकाबाईंना डायलिसिस सुरू झालं त्या पावसाळ्यात घरी बैलजोडी होती. दवाखान्याच्या दिवशी वैभव पहाटे बंडी जुंपायचा, आतल्या बांबूच्या तट्ट्यावर गादी टाकायचा आणि आईला वावरांमधल्या कच्च्या पांदणीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडायचा. तिथून वर्ध्याला जायला काहीही मिळत असे. हिवाळ्यात लम्पीनं एक बैल गेला. दुसरा एकटाच दावणीला उभा राहून हंबरायचा, म्हणून वैभवच्या वडलांनी, मधुकररावांनी तो विकला. उन्हाळा मोटारसायकलवर निघाला. पुढं वैभव, मधे आई, मागं तिला धरून बसलेली त्याची बायको उज्वला. पण सिंदी रेल्वे या गावाच्या शिवारातली ती काळी माती. पहिल्या जोरदार पावसानंतर त्या पांदणीत मोटारसायकल काय, मोकळा माणूसही धड चालू शकत नसे.

धाकटा मुलगा नीरज वर्ध्याला लागून सिंदी मेघेत राहायचा, एका कार्यालयात कारकून होता. तो फोनवर एकच म्हणायचा, "आईला इकडं आणून सोडा. दवाखाना दहा मिनिटांवर आहे."

"तिसऱ्या माळ्यावर मले करमत नाई," गोपिकाबाई म्हणायच्या. "खाली पाह्यलं का डोकं फिरते. मी इथंच बरी हावो."

इथं म्हणजे शेतातल्या दोन खोल्या, विहीर आणि तिच्या भोवतालचे भाजीचे वाफे. वांगी, टमाटर, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. नांगर-वखर पुरुषांचं असलं तरी वाफे गोपिकाबाईंचे. कोणता कधी पेरायचा, कोणता मोडायचा, हे त्याच ठरवायच्या. आता ओणवं होता येत नसे, तर बांधावर बसून उज्वलेला सांगायच्या.

मे संपत आला तेव्हा वैभवनं मनाशी ठरवलं की चारही चाकांनी ओढणारी, फोर व्हीलची जुनी गाडी घ्यायची. पुलगावजवळ नाचणगावला ताराचंद नावाचा एक गॅरेजवाला अशा गाड्या दुरुस्त करून विकतो, असं त्याला बाजारात कळलं होतं. तो वडलांना घेऊन तिकडं गेला.

टिनाच्या शेडखाली दोन गाड्या उभ्या होत्या. एक छोटी जिप्सी, पेट्रोलवर चालणारी, मागं ताडपत्रीचं हूड. दुसरी लांब डिझेल जीप. तिला हिरवा रंग नुकताच मारलेला होता आणि तो नंबरप्लेटच्या कडेलाही लागला होता. उन्हानं दोन्हींचे पत्रे इतके तापलेले की हात ठेववत नव्हता.

ताराचंद जाड, घामेजलेला माणूस. त्यानं हात पुसत पुसत सांगायला सुरुवात केली. "देखो भाऊ, दोन्ही जुन्या हायेत. ही जिप्सी वजनानं हलकी. गाऱ्या-चिखलात वरच्या वर निघून जाते, खाली बसत नाई. पण मांगं दोन माणसं बसली का भाजीले जागा नाई. अन् पेट्रोल पेते, थे सांगून ठेवतो."

"अन् ही?"

"ही मालगाडी समज. मांगं दोन्हीकून लंबे बाक. मधात भाजीचे कॅरेट टाक, बाकावर माणसं टाक, कुरकुरत नाई. छोट्या गिअरमंदी टाकली का चढाव म्हणू नको, नाला म्हणू नको. पार्ट वर्ध्यात कुठंई भेटतात. फक्त वजन हाये. काळ्या मातीत एकडाव बसली तर मंग आपल्या हातानं निघत नाई."

वैभवनं दोन्ही चालवून पाहिल्या. मागच्या नाल्याच्या कोरड्या पात्रात जिप्सी बकरीसारखी उड्या मारत वर चढली. जीप हळू, घरघरत, पण दगडावरूनही न थांबता गेली. फोर व्हील लावायचं तर खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली कळ हातानं फिरवावी लागे, मग आत बसून छोटी दांडी ओढायची. ताराचंदनं ती कळ फिरवून दाखवली, वैभवनं दोनदा करून पाहिली. मधुकरराव दोन्ही वेळा मागं बसले होते. जिप्सीत त्यांचं डोकं हुडाच्या नळीला आपटलं. जीपमध्ये आपटलं नाही, पण स्प्रिंगचे पाटे इतके कडक होते की उतरल्यावर ते कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"कसं वाटलं बाबा?"

"भाजी न्याची का तुही माय न्याची, थे पहिले ठरव."

"दोन्ही न्याचं हाये ना."

"मंग दोन्हीले पुरन अशी कोणती हाये यातली?"

ताराचंद हसला. "काका, तशी गाडी तर शोरूममंदीबी नाई."

वैभव दोन्ही गाड्यांभोवती फिरत राहिला. परतताना आईला थकवा येतो, लांब बाकावर ती आडवी होऊ शकेल, हे त्याच्या मनात होतं. बारा कॅरेट एका खेपेत जातील, हेही होतं. यातलं जास्त काय होतं ते पुढं त्यालाच सांगता आलं नाही. त्यानं जीप घेतली.

जीप अंगणात आली तेव्हा उज्वलेनं तिच्यावर हळदीकुंकू वाहिलं. गोपिकाबाई ओट्यावरून उठल्या, गाडीपाशी आल्या आणि मागच्या पायरीकडं पाहत उभ्या राहिल्या. पायरी त्यांच्या गुडघ्याच्या बरीच वर होती.

"चढून पाह्य ना माय," वैभव म्हणाला.

त्यांनी उजवा पाय उचलला. तो पायरीपर्यंत पोचला, पण अंग वर घेता येईना. डाव्या हातात डायलिसिसच्या सुईसाठी नस जोडलेली, त्या हातानं जोर लावायचा नाही, असं दवाखान्यात बजावलेलं. एका हातानं दांडी धरून त्या तशाच अर्धवट लोंबकळल्या.

"थांबा, मी लोटते," म्हणत उज्वलेनं मागून खांदा लावला. तरी होईना. मग वैभव आत चढला, त्यानं काखेत हात घालून ओढलं आणि उज्वलेनं खालून दोन्ही हातांनी ढकललं. लुगडं गुडघ्यावर सरकलं. निंदणाला आलेल्या दोन बाया विहिरीवर पाणी पीत होत्या, त्यांनी तोंडं फिरवली. गोपिकाबाई बाकावर बसल्या, पदर सारखा केला आणि दांडी धरून धाप ओसरू दिली. मग म्हणाल्या, "कांद्याचं पोतं चढवल्यासारखं चढवलं मले."

सगळे हसले. त्याही हसल्या. वैभवनं दुसऱ्याच दिवशी सिंदी रेल्वेच्या वेल्डरकडून लोखंडी पायरी जोडून आणली. पहिल्याच पावसात ती पांदणीतल्या धोंड्याला अडकून वाकली, आणि पुढं दर वेळी दोघांनी मिळून चढवायचं हेच नेमाचं झालं. निघायची वेळ आली की बाया असोत नसोत, गोपिकाबाई डोळे मिटून हात वर करायच्या.

जून-जुलै मात्र जीपनं निभावलं. पांदण दोन्ही बाजूंच्या वावरांपेक्षा खोल, पाणी सगळं तिच्यातून वाहायचं. वैभव घरासमोरच कळा फिरवून घ्यायचा आणि छोट्या गिअरमध्ये गाडी न थांबवता न्यायचा. चाकं गाऱ्यात फिरायची, मागं काळे गोळे उडायचे, स्टिअरिंग हातातून निसटू पाहायचं. डांबरी रस्त्यावर आलं की तो खाली उतरून कळा मोकळ्या करायचा आणि पाठ ताठ करायचा. बाकीच्यांच्या गाड्या वाटेत रुतत. ते म्हणत, "वैभवभाऊ, आमचेबी दोन कॅरेट टाका ना." तो टाकून घ्यायचा. त्या दिवसांत तो थोडा मोठ्यानं बोलू लागला होता.

उज्वलेला मात्र दुसरंच दिसत होतं. मशीनवरून उठल्यावर गोपिकाबाईंचं अंग रिकामं होऊन जाई. त्यात वर्ध्याहून घरापर्यंत ते कडक पाटे. डांबरी रस्त्यावरही गाडी दर खड्ड्याला आदळे. बाकावर आडवं होणं जमतच नसे, दर आदळ्याला खाली पडायची भीती. मग त्या बसूनच असायच्या, उजव्या हातानं डावा हात छातीशी धरून. एकदा पांदणीत आल्यावर उज्वलेनं पाहिलं तर सुईच्या जागेवरची पट्टी लाल झाली होती आणि रक्त कोपरापर्यंत आलं होतं.

"आवो, थांबवा गाडी!"

"नोको थांबवू," गोपिकाबाई पटकन म्हणाल्या. "इथं थांबली का निघाची नाई. मी दाबून धरते."

त्यांनी पदराचा बोळा करून दाबून धरला. इंजिनाच्या घरघरीत पुढं वैभवला यातलं काही ऐकू गेलं नाही. घरी पोचल्यावर उज्वलेनं हात धुऊन नवी पट्टी लावली.

"आई, त्याइले सांगाले पाह्यजे."

"काय सांगतं? एवढ्या हौशेनं आणली त्यानं. गाडी वाईट नाई वं. माहं अंगच तसं झालं."

ऑगस्टमध्ये झड लागली. आकाश खाली आलेलं, विहीर काठोकाठ. टमाटरांवर करपा आला, पालक वाफ्यातच सडला. दवाखान्याच्या दिवशी सकाळी पाऊस इतका होता की वैभवनं जायचं दुसऱ्या दिवसावर टाकलं. फोन केला तर तिकडून उद्याची वेळ मिळाली. पण रात्रीपासूनच गोपिकाबाईंच्या पायांवर सूज चढली, चेहरा फुगला. आडवं झालं की जीव घाबरा व्हायचा. पाणी मोजूनमापूनच प्यायचं, बाहेर सगळीकडं पाणीच पाणी, आणि त्या ओली फडकी ओठांवर फिरवत भिंतीला टेकून बसून राहिल्या.

सकाळी पाऊस थोडा उघडला. चौघंही निघाले. निम्म्या वाटेवर, जिथं पांदण सगळ्यात अरुंद, तिथं एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट आडवा रुतला होता. खताची पोती घेऊन कुणाच्या तरी वावरात निघालेला. मागची मोठी चाकं निम्मी खाली गेलेली. ड्रायव्हर चाकांखाली कपाशीच्या पळाट्या कोंबत होता. तो चिखलानं माखला होता.

"कवापासून?"

"उजेडल्यापासून भाऊ. दुसरा ट्रॅक्टर सांगतला, थोई येऊन नाई राह्यला."

वैभवनं जीप थोडी मागं घेऊन घट्ट जागेवर थांबवली. बाजूनं जायला जागा नव्हती. दोन्हीकडं तारेचं कुंपण. डावीकडचं वावर वर्ध्याच्या अच्युतरावांचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते घेतलं होतं आणि कुंपण घालताना दोन हात पांदणीत सरकून घातलं होतं. मधुकररावांनी तेव्हा तोंडी सांगून पाहिलं होतं, मोजणीपर्यंत गोष्ट नेली नव्हती.

वैभवनं त्यांना फोन लावला. "काका, तुमच्या वावरातून गाडी काढतो. तार दोन खांबांपुरती तोडा लागते. माय लई बिमार हाये."

"अरे, तार तोडू नका," अच्युतराव शांतपणे म्हणाले. "सोयाबीन फुलावर आहे. मी माणूस पाठवतो, तो रीतसर खांब काढून देईल."

"कवा येईन तो?"

"सेलूहून यायला वेळ लागेलच ना."

वैभवनं मागं पाहिलं. गोपिकाबाई पुढं वाकून, दोन्ही गुडघ्यांवर कोपरं टेकून श्वास घेत होत्या. प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. उज्वला एका हातानं त्यांची पाठ चोळत दुसऱ्या हातानं नीरजला फोन लावत होती.

"तोड," मधुकरराव म्हणाले.

पकडीनं तार तुटली. वैभवनं जीप छोट्या गिअरमध्ये टाकली, पांदणीचा काठ चढला आणि सोयाबीनमध्ये शिरला. पंधरा-वीस हात गाडी चांगली गेली. मग पुढचा भाग एकदम जड झाला. वावर वरून हिरवं होतं, आत चार दिवसांचं पाणी साठलेलं. चारही चाकं फिरत होती. फिरत होती आणि खाली जात होती. वैभवनं मागं घेतली, पुढं घेतली, स्टिअरिंग डावं-उजवं केलं. सोयाबीनची झाडं मुळासकट उडून काचेवर आपटली. मग खालचा, चाकांमधला दांडा जमिनीला टेकला आणि गाडी थांबली. इंजीन चालूच होतं.

तो खाली उतरला. पिंढरीपर्यंत आत गेला. खोरं नव्हतं. हातांनीच तो चाकाभोवतीचा गारा उपसू लागला. उपसलेल्या जागेत पुन्हा गारा येऊन बसत होता.

"वैभव," मधुकररावांनी हाक मारली. "राहू दे. तिकडं बाज हाये."

वावराच्या कोपऱ्यात राखणदाराची झोपडी होती. तिच्यातली दोरीची बाज वैभव डोक्यावर घेऊन आला. गोपिकाबाईंना खाली उतरवणं चढवण्यापेक्षाही कठीण गेलं. आडवं होता येत नव्हतं, म्हणून बाजेवर मधोमध बसवलं, पाठीशी गोणपाट गुंडाळून लावलं. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर न सांगता येऊन बाजेच्या एका पायाशी उभा राहिला. पुढं वैभव आणि तो, मागं मधुकरराव आणि उज्वला.

पाय टाकला की आत जायचा, आणि तो ओढून काढेपर्यंत बाज तिरपी व्हायची. गोपिकाबाई उजव्या हातानं बाजेच्या कडेचं ठावं धरून बसल्या होत्या. मधुकरराव दोनदा गुडघ्यावर पडले. दुसऱ्यांदा पडले तेव्हा बाजेचा पाय त्यांच्या खांद्यावर आदळला, पण त्यांनी तो सोडला नाही.

"मले ठिवा," गोपिकाबाई म्हणाल्या. शब्द तुटत होते. "थोडं... ठिवा. तुमाले... दम लागला."

"तू बोलू नोको," मधुकरराव ओरडले. चाळीस वर्षांत ते तिच्यावर असे ओरडले नव्हते.

डांबरी रस्त्याच्या थोडं अलीकडं नीरज भेटला. त्याची छोटी पांढरी गाडी रस्त्यावर उभी होती. तो पँट वर दुमडून, बूट तिकडंच काढून, अनवाणी पळत आला होता आणि पडल्यामुळं त्याचा शर्ट एका बाजूनं काळा झाला होता. त्यानं उज्वलेच्या हातातला बाजेचा पाय स्वतःकडं घेतला.

दवाखान्यात त्यांना लगेच आत नेलं. छातीत पाणी भरलं होतं. त्या वाचल्या. पण पाच-सहा दिवस त्यांना तिथंच राहावं लागलं. सुटी देताना डॉक्टरबाईंनी नीरजला विचारलं, "घर कुठं आहे यांचं?" त्यानं सिंदी मेघे सांगितलं. वैभव शेजारीच उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि हातातली औषधांची पिशवी नीरजकडं दिली.

जीप काढायला पाऊस उघडेपर्यंत थांबावं लागलं. मग दोन ट्रॅक्टर लावून ती निघाली. अच्युतरावांचा माणूस येऊन तुडवलेलं सोयाबीन बघून गेला. वैभवनं नवे खांब रोवले, तार ताणली, होती तिथंच.

एकदा पुलगावला भाजी टाकून तो मुद्दाम नाचणगावला गेला. जिप्सीची जागा रिकामी होती.

"गेली थे," ताराचंद म्हणाला. "काऊन, जीपनं तरास देल्ला का?"

"नाई. गाडी चांगली हाये." वैभवनं त्याला सगळं सांगितलं. मग विचारलं, "जिप्सी निघाली असती का तिथून?"

ताराचंदनं हातातला पाना खाली ठेवला. "निघालीबी असती. हलकी होती ना. नाईबी निघाली असती. चार दिवसाच्या पाण्यात कोणाचं काय सांगता येते भाऊ." मग पाना पुन्हा उचलत म्हणाला, "असं नोको इचारत जाऊ."

पण तो विचारत राहिला. आडत्याला, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला, शेवटी उज्वलेला. जेवताना, पाठ टेकताना. एके दिवशी उज्वला म्हणाली, "तुमी गाड्याइचंच बोलून राह्यले. जिप्सी असो का जीप, आई रक्त दाबून येत होत्या, थे माईत हाये का तुमाले?"

त्याला माहीत नव्हतं. तिनं सांगितलं तेव्हा तो ताटावरून उठला आणि बाहेर जाऊन जीपच्या मागच्या फळीवर बसला. मधुकरराव ओट्यावर होते. त्यानंतर वैभवनं कुणालाच काही विचारलं नाही.

दिवाळीच्या आधी पांदण वाळली. नीरजची छोटी गाडीसुद्धा घरापर्यंत आली. तिच्यातून गोपिकाबाई स्वतःहून उतरल्या, बसल्या जागेवरून नुसते पाय खाली टाकून. बारीक झाल्या होत्या. अंगावर नीरजची बायको शरयू हिनं घेतलेला गाऊन आणि वरून ओढणी. मधुकररावांनी खुर्ची आणून सावलीत ठेवली. त्या तिच्यावर बसल्या आणि सगळीकडं बघत राहिल्या.

नवे वाफे उज्वलेनं स्वतःच्या मनानं पेरले होते. पालक विहिरीजवळ, सांबार पलीकडं, जिथं सावली पडते.

"तिकडं टाकला का सांबार?"

"हो. चुकलं का?"

"नाई वं. चांगला आला."

जेवणं झाली. गोपिकाबाईंनी आपल्याच घरात भाताचा एक घास आणि चिमूटभर बिनमिठाची भाजी खाल्ली. उज्वलेनं आतल्या खोलीत अंथरूण घातलं होतं. वैभव म्हणाला, "राहा ना आजच्या दिवस. परवा मी घेऊन जातो दवाखान्यात. आता तर रस्ता साफ हाये." त्यांनी ओढणीचं टोक सारखं केलं. नीरजनं मोबाइलमध्ये पाहिलं, मग तो खिशात ठेवला आणि आईकडं बघू लागला. निघायचं की राहायचं हे कुणीच तिच्यावतीनं बोललं नाही.

उन्हं कलल्यावर त्या स्वतःच उठल्या. "अंधार पडाच्या आत निघू," म्हणाल्या. गाडीकडं चालताना वाफ्यांपाशी थांबल्या आणि उज्वलेकडं वळल्या.

"थोडासा सांबार नेऊ का वं?"

उज्वला बघतच राहिली. मग ती वाफ्यात उतरली आणि ओंजळीनं उपटू लागली, मुळांच्या मातीसकट, हातात मावेनासा झाला तरी.

"पुरे, पुरे," गोपिकाबाई म्हणाल्या. "एवढा नेऊन काय करतो. आमी तिघंच तर हावो तिथं."